रीडिंग

एकतीस वर्षं मी इंदूरच्या भिंतींवरचे मीटर वाचले.
छावणी, जूनी इंदूर, पलसीकर कॉलनी.
जिन्याखालचे, न्हाणीच्या दाराआडचे,
कोळिष्टकं फुंकून, बॅटरी दातात धरून.
आकडा चुकला असं ऑफिसने
एकदाही लेखी कळवलं नाही.
पोटरीवर तीन ठिकाणी दात आहेत,
तीन वेगवेगळ्या फाटकांचे.
म्हणून रिटायर झाल्यावर मुलीने
जिरावनच्या रंगाचं पिल्लू आणून मांडीवर ठेवलं
तेव्हा मी आधी पाय वर घेतले होते.

जिरू. आता सात वर्षांचा.

सोमवारी त्याने पोळी हुंगली आणि सोडली.
मी म्हटलं, ऊन.
मंगळवारी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून राहिला,
जणू तिथेच कुणाशी भेट ठरली होती.
मी म्हटलं, वय.
बुधवारी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली,
गाणं वाजवत गेली,
आणि सात वर्षं नेमाने तिच्यावर तुटून पडणारा जिरू
भुंकला नाही.
मी म्हटलं, चला, शहाणा झाला.

घरात कुणी अचानक शहाणं झालं
की विचारावं, काय दुखतंय.

रात्री फरशीवर थेंब. एकाच नाकपुडीतून.
पाव चमचा असेल.
मी डब्यातली आपली तापाची गोळी काढून अर्धी मोडली,
माणसाला चालते तर त्याला का नाही.
प्रतिमाने मनगट धरलं.
"आधी विचारा."

मुलगी जबलपूरहून, फोनवर:
गोळी देऊ नका, बाबा. ओठ वर करा. हिरडी कशी दिसते?
सात वर्षांत मी त्याचा ओठ कधी उचलला नव्हता.
आत चुन्याचा पहिला हात मारलेली भिंत.
"बोटाने दाबा. सोडा. दोन म्हणायच्या आत
रंग परत आला पाहिजे."
दाबलं. सोडलं.
एक.
दोन.
तीन.
बंद घरातल्या मीटरची चकती अशी फिरते,
फिरते आहे की नाही कळू नये अशी.

मग सगळंच दिसायला लागलं.
पोटाच्या पातळ कातडीवर लाल ठिपके,
टाचणीच्या टोकाएवढे.
कानामागच्या घडीत गोचिडी,
एरंडाच्या बियांसारख्या टम्म.
त्याच जागी मी रोज खाजवत होतो.

रात्री अकराला स्कूटर. जिरू शालीत,
शाल प्रतिमाच्या मांडीवर.
सराफ्याची गर्दी टाळून जवाहर मार्गाने,
खड्डा आला की दोघांचाही श्वास ऐकत.
डॉक्टर चौकसेंनी शटर अर्धं वर केलं,
वाकून आत घेतलं, सुई शोधता शोधता विचारलं,
"कब से?"

आज, असं म्हणणार होतो.

आमच्या खात्यात एक शब्द होता, टेबल रीडिंग.
घरी न जाता, चहाच्या टपरीवर बसून
अंदाजाने भरलेला आकडा.
वर्मा करायचा, सोनगरा करायचा,
पावसाळ्यात तर सगळेच करायचे.
मी कधी केलं नाही.
ह्या घरात, ह्या पायाशी झोपणाऱ्या जिवाचं,
तीन दिवस केलं.

"सोमवार से," मी म्हटलं.
त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. लिहून घेतलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार.
किती हव्यात ते त्यांनी सांगितलं,
मी ऐकलं नाही, प्रतिमाने ऐकलं.
गोळ्या अठ्ठावीस दिवस. फिक्या माव्यात लपवून.
मावा चाटून गोळी तो चपलेत ठेवतो,
नेहमी माझ्याच.

जुन्या डायरीची उरलेली पानं काढली आहेत.
तारीख, पाणी किती प्यायला,
झोपेत मिनिटाला श्वास किती, हिरडी.
नवे मीटर आपला आकडा आपणच कळवतात म्हणे,
कुणाच्या फाटकात जावं लागत नाही.

आज अकरावा दिवस.
हिरडी दाबली. दोन म्हणता म्हणता रंग आला,
दोनच्या आत की नंतर, ह्यावर आमचे मतभेद आहेत.
गाडी गाणं वाजवत वळणावर आली.
जिरूने मान उचलली.
भुंकला नाही.
मान उचलली,
एवढंच लिहून ठेवलं.